अठरावा बाण

उत्तरेच्या अंगाला ऊन उशिरा येतं,
म्हणून इथले बाण अजून निळे आहेत.
दक्षिणेकडचे केव्हाच उडाले,
तिकडे आता दगड म्हणजे दगडच.

एक्केचाळीस. प्रत्येकाखाली बारीक आकडा.
मी दर रविवारी मोजते, चाळीस भरतात,
तरी एक्केचाळीसच म्हणते.
पंचवटीच्या मागच्या फटीतून आत शिरलं
की पहिला, पाण्याच्या टाकीखाली.
दुसरा सालईच्या बुंध्याशी, जिथला डिंकाचा वास
हाताला लागतो आणि परतीच्या बसमध्येही सुटत नाही.
तिसरा आधी गुडघ्याला कळतो, डोळ्याला नंतर.

रंग दारवटकरांनी आणला होता.
वनखात्यातले. गळ्यात शिट्टी, कधीच न वाजवलेली.
कुठल्याशा शाळेची दारं रंगवून उरलेला डबा.
"लाल नको," म्हणाले, "लाल बघून माणूस थांबतो.
पांढरा म्हणजे घारीची शीट.
निळं इथं काहीच नाही, एक नीलपंख सोडला तर,
आणि तो काही दगडाला चिकटून बसत नाही."
पाट्या का नाही, विचारलं तर हसले:
"पाटी लावली की पुण्यात लोक पाटीशी वाद घालतात.
बाणाशी काय बोलणार?"

ब्रश मीही धरला होता.
पाच, नऊ आणि तेवीस माझे,
जरा जाड, जरा घाबरलेले.

आज फाल्गुन लागलेला. पानं टाकून गणेर
नुसत्या पिवळ्या फुलांनिशी कातळावर उभा.
मोज्यात कुसळं. सतरापाशी पाणी प्यायले,
काळ्या दगडाच्या भोकांत गारगोट्या,
कुणी मीठ भरून विसरल्यासारख्या.
मग एकोणीस.

अठरा नाहीच.

गळलेल्या दाताच्या जागी जीभ जाते,
तशी आज मागे फिरले.
वाट इथं रुंद, मळलेली, शंका नसलेली.
कडेला करवंदीच्या जाळीपाशी एक सपाट दगड,
बाकीच्यांपेक्षा जास्त नीट बसलेला.
काठीनं कड उचलली.

खाली निळा.
ऊन-पाऊस न पाहिलेला, आत्ता वाळतोय असा निळा,
आणि बाणाच्या टोकावर विंचू.
बाण जाळीकडे. जिथं वाटच नाही.

दारवटकर आता पानशेतकडे असतात.
फोनमध्ये आधी कोंबड्या ऐकू आल्या.
"अठरा? अहो, तो मीच पालथा घातला.
रातव्यानं दोन अंडी घातली होती, ऐन वाटेत,
पाचोळ्यात पाचोळा. तुमचे ते पळणारे लोक,
खाली बघतात कुठं?
म्हटलं, तीन आठवडे उजवीकडनं जाऊ देत.
मग माझी बदली आली. उलटायचं राहिलंच."
थोडं थांबून: "पिल्लं निघाली होती. दोन्ही."

अकरा वर्षं.
म्हणजे ही रुंद वाट, जिच्यावर नंतर बाकडं आलं,
जिच्यावर घसरून पळशीकरबाईंचं मनगट मोडलं,
जिला सगळे जुनी वाट म्हणतात,
ती दोन अंड्यांना घातलेला वळसा आहे.

तेवढ्यात दोन मुलं आली, कानात गाणी.
"आजी, खाणीकडे हीच ना वाट?"
आजी. असो.
"हीच," मी म्हटलं,
दगडाची कड काठीवर तोललेली.
विंचवानं जागा सोडली नव्हती.

हळू खाली ठेवला. पालथाच.
मग जाळीच्या फटीत शिरले का, ते सांगत नाही.
मार्च जवळ आलाय,
आणि रातवे अंडी घालायला
जुन्या जागी परत येतात का,
हे दारवटकरांना विचारायचं राहिलं.